पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या संपूर्ण कामासाठी कसे तयार करावे

पीएच.डी. ही मुळात संशोधनाची पदवी आहे. ती देताना विद्यापीठ मुख्यतः एकाच गोष्टीची खातरजमा करते, ती म्हणजे या व्यक्तीला स्वतंत्रपणे संशोधन करता येते की नाही. पदवीनंतर जी नोकरी मिळते तिच्यात मात्र संशोधन हा कामाचा एक भाग असतो आणि पुष्कळ संस्थांमध्ये तो सर्वांत मोठा भागही नसतो. नव्या सहायक प्राध्यापकाला पहिल्याच सत्रात दोन-तीन विषय शिकवायचे असतात, प्रश्नपत्रिका काढायच्या असतात, उत्तरपत्रिका तपासून गुणांबद्दलच्या तक्रारी ऐकायच्या असतात, प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना वेळ द्यायचा असतो, एखाद्या समितीचे इतिवृत्त लिहायचे असते आणि या सगळ्यातून वेळ काढून अनुदानासाठी प्रस्तावही पाठवायचा असतो. यांपैकी बरीच कामे त्याने आजवर फक्त दुसऱ्याला करताना पाहिलेली असतात. काही कामे तर पाहिलेलीही नसतात, कारण ती बंद दाराआड होतात.

ही उणीव नवी नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या संस्थांची परिषद आणि महाविद्यालये व विद्यापीठे यांची संघटना या दोघांनी मिळून भावी अध्यापकांच्या तयारीचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यात डॉक्टरेट देणारी विद्यापीठे आणि वेगळ्या प्रकारची महाविद्यालये यांच्या जोड्या लावून विद्यार्थ्याला अध्यापन, संशोधन आणि संस्थेची सेवा या तिन्ही बाजू दाखवण्यावर भर होता. ब्रिटनमध्ये २०१० साली ‘व्हिटे’ या संस्थेने संशोधकांच्या विकासाची जी चौकट मांडली, तिच्या चार विभागांपैकी विषयज्ञान आणि बौद्धिक क्षमता हा केवळ एक विभाग आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनी कोणत्याही विद्याशाखेच्या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या विषयाच्या अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण घेणे आवश्यक केले आहे. नियम आणि चौकटी आहेत. परंतु येत्या सोमवारी मार्गदर्शकाने नेमके काय करायचे, हे त्यांत लिहिलेले नसते. पुढील पायऱ्या त्यासाठी आहेत. त्या मार्गदर्शक आणि विभागप्रमुख यांना उद्देशून लिहिल्या आहेत, पण ज्याचा मार्गदर्शक यांपैकी काहीच करत नाही अशा विद्यार्थ्यानेही त्या वाचाव्यात आणि आपल्याला काय मागून घेता येईल ते ठरवावे.

एक सूत्र सर्व पायऱ्यांना लागू आहे. प्रत्येक काम विद्यार्थ्याने आधी पाहावे, मग कोणाच्या तरी सोबतीने करावे, नंतर देखरेखीखाली एकट्याने करावे आणि शेवटी झालेल्या कामावर अनुभवी माणसाशी बसून बोलावे. व्यवहारात पहिली तीन पावले कशीबशी पडतात, चौथे राहून जाते. चर्चेविना केलेले काम म्हणजे विद्यार्थ्याला राबवून घेणे होय, मग त्याला प्रशिक्षण असे नाव दिले तरी. ‘पाण्यात पडले की पोहता येते’ असे सांगणारे ज्येष्ठ प्रत्येक विभागात भेटतात. त्यांच्यासोबत पाण्यात पडलेले सगळेच पोहून बाहेर आले होते का, हे मात्र ते कधी सांगत नाहीत.

पहिली पायरी : काम उघड करून मांडणे

पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच एक दीड-दोन तासांची बैठक ठेवावी आणि तिच्यात तीन अध्यापकांनी आपला एक खराखुरा आठवडा विद्यार्थ्यांसमोर मांडावा. त्यांपैकी एक नुकताच रुजू झालेला असावा, एक विभागप्रमुख किंवा तत्सम जबाबदारी सांभाळणारा असावा आणि एक वेगळ्या प्रकारच्या संस्थेतला, म्हणजे मुख्यतः पदवीचे वर्ग चालवणाऱ्या महाविद्यालयातला असावा. आदर्श वेळापत्रक मांडू नये. मागच्या आठवड्याची दैनंदिनी काढून सोमवारी सकाळपासून शनिवारपर्यंत काय झाले ते तासागणिक सांगावे : तयारीला किती वेळ गेला, शिफारसपत्रांना किती, ईमेलना किती, आणि लेखनासाठी राखून ठेवलेल्या वेळेतला प्रत्यक्षात किती उरला.

या चर्चेला एक चौकट हवी असेल तर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० साली कार्नेगी प्रतिष्ठानासाठी लिहिलेल्या अहवालातील मांडणी अजूनही उपयोगी पडते. विद्वत्तेचे काम केवळ नव्या शोधापुरते नसून ज्ञानाची सांगड घालणे, ते वापरात आणणे आणि शिकवणे हीदेखील तितकीच विद्वत्तेची कामे आहेत, असे त्यांनी म्हटले होते. विद्यार्थ्यांना त्या तीन आठवड्यांतील प्रत्येक काम या चारांपैकी कशात बसते ते लावायला सांगावे. जी कामे कशातच बसत नाहीत त्यांची यादीही तितकीच बोलकी असते.

दुसरी पायरी : लेखी आराखडा

वैयक्तिक विकास आराखडा, म्हणजे पुढच्या काळात काय शिकायचे आणि काय करायचे याची विद्यार्थ्याने लिहिलेली योजना, ही कल्पना उद्योगक्षेत्रातून संशोधनक्षेत्रात आली. ‘सायन्स’ नियतकालिकाच्या करिअर विभागाने २०१२ मध्ये त्यासाठी ‘मायआयडीपी’ हे मोफत ऑनलाइन साधन उपलब्ध करून दिले, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०२४ पासून आपल्या अनुदानातून भरीव साहाय्य मिळणाऱ्या पदव्युत्तर संशोधकांसाठी असा आराखडा दरवर्षी अद्ययावत करणे बंधनकारक केले. साधन कोणतेही वापरावे. साध्या कागदाची दोन पानेही पुरतात. महत्त्वाचे आहे ते त्यावरचे संभाषण.

ते संभाषण प्रबंधाच्या प्रगतीच्या बैठकीत उरकू नये. एकाच बैठकीत दोन्ही विषय घेतले की प्रबंध सगळा वेळ खातो आणि आराखड्यावर शेवटच्या पाच मिनिटांत सह्या होतात. वर्षातून दोनदा, स्वतंत्र वेळ ठरवून, विद्यार्थ्याने आधी लिहून आणलेल्या मजकुरावर बोलावे. मार्गदर्शकाशिवाय विभागातील आणखी एका व्यक्तीने तो आराखडा पाहावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ज्या विद्यार्थ्याला प्राध्यापक व्हायचेच नाही त्याला ते आपल्या मार्गदर्शकाला सांगणे सर्वांत अवघड जाते. ही दुसरी व्यक्ती त्याला मोकळी वाट देते.

आराखड्यातील वाक्ये कशी असावीत, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘अध्यापन कौशल्ये सुधारणे’ हे वाक्य कोणत्याही वर्षी, कोणत्याही विद्यार्थ्याच्या कागदावर चालेल, म्हणून ते निरुपयोगी आहे. ‘पुढील सत्रात संशोधनपद्धतीच्या विषयातील नमुनानिवडीचा घटक तीन तासिकांत शिकवणे, दुसऱ्या तासिकेचे निरीक्षण करून घेणे आणि त्या घटकावरील प्रश्न स्वतः काढणे’ या वाक्याची सहा महिन्यांनी तपासणी करता येते. तपासता येत नाही असे काही आराखड्यात राहू देऊ नये, नाहीतर ते कागदी घोडेच ठरतात.

तिसरी पायरी : अध्यापन

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ खर्च करण्याचा सल्ला देईन, कारण नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत अध्यापनच नव्या माणसाचा बहुतेक वेळ घेते आणि पूर्वतयारी नसेल तर बाकी सगळ्याचा बळी देते. बऱ्याच विभागांत विद्यार्थ्याला अध्यापनाचा ‘अनुभव’ मिळतो तो असा : कोणी रजेवर गेले की तास अंगावर पडतो, तो कसाबसा निभावला जातो आणि त्यावर पुढे कोणी काही बोलत नाही. असे वीस तास घेतले तरी एका नीट पाहिलेल्या तासाइतके शिकायला मिळत नाही.

सुरुवात सूक्ष्म अध्यापनापासून करावी. शिक्षक-प्रशिक्षणात रुळलेली ही पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली. विद्यार्थ्याने सात-आठ मिनिटांत एकच संकल्पना चार-पाच सहकाऱ्यांना शिकवायची, लगेच त्यावर अभिप्राय घ्यायचा आणि तोच भाग सुधारून पुन्हा शिकवायचा. पुन्हा शिकवणे हा या पद्धतीचा गाभा आहे आणि वेळ वाचवण्यासाठी नेमके तेच गाळले जाते. तसे करू नये. हवे तर शिकवायचा भाग पाच मिनिटांवर आणावा.

त्यानंतर प्रत्यक्ष वर्गातील एका तासाचे निरीक्षण करावे. निरीक्षकाने मागच्या बाकावर बसून ‘चांगले झाले, थोडा आवाज वाढवा’ एवढेच सांगायचे असेल तर येऊ नये. तासाआधी दहा मिनिटे भेटून पाठाचे टाचण पाहावे आणि विद्यार्थ्याला कोणत्या एका गोष्टीवर अभिप्राय हवा आहे ते विचारावे. तासाच्या वेळी जे घडले ते जसेच्या तसे, वेळेसह टिपावे. समजा, साठ जणांच्या वर्गात शिकवणाऱ्याने विचारले, “समजलं ना सगळ्यांना?” पुढच्या रांगेतील तिघांनी माना हलवल्या आणि तो पुढे गेला. टिपणात ‘११:२० : “समजलं ना?”, तीन माना, पुढचा मुद्दा’ एवढेच असावे. नंतरच्या चर्चेत त्या नोंदीवर बोट ठेवून विचारावे की उरलेल्या सत्तावन्न जणांना समजले हे कशावरून कळले. बहुतेक विद्यार्थी इथे थबकतात, आणि त्या प्रश्नाला काय पर्याय आहे हे स्वतःच शोधू लागतात : उलट प्रश्न विचारणे, एक छोटे उदाहरण वहीत सोडवायला देणे, शेजाऱ्याला समजावून सांगायला लावणे.

प्रश्न विचारल्यावर थांबणे ही दुसरी गोष्ट निरीक्षकाने मुद्दाम मोजावी. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतील संभाषणांचा अभ्यास करून दाखवले होते की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि ही वाट पाहणे तीन सेकंदांच्या पुढे नेले की विद्यार्थ्यांची उत्तरे लांबतात व अधिक जण बोलू लागतात. नवख्या माणसाला वर्गातील शांततेची भीती वाटते, त्यामुळे तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. त्याच्या तासाचे ध्वनिमुद्रण त्यालाच ऐकवले की वेगळे काही सांगावे लागत नाही.

शिकवण्याइतकेच मूल्यमापन शिकवले पाहिजे. यासाठीचा एक स्वाध्याय अगदी कमी खर्चाचा आहे. नावे झाकलेल्या दहा उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती चार संशोधक विद्यार्थ्यांना द्याव्यात आणि एकाच दहा गुणांच्या प्रश्नाचे गुणदान प्रत्येकाने स्वतंत्रपणे करावे. मग सर्वांचे गुण फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. एकाच उत्तराला कोणी चार आणि कोणी आठ दिलेले आढळले तर नवल मानू नये. त्या फरकावर अर्धा तास बोलल्यानंतर निकषांचा तक्ता तयार करून तेच गुणदान पुन्हा करावे. प्रश्नपत्रिका काढण्याचेही असेच आहे. उद्दिष्टे आणि गुण यांचा संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, आधी, प्रश्न नंतर, आणि नमुना उत्तर लिहिल्याशिवाय एकही प्रश्न पक्का करायचा नाही, हा क्रम विद्यार्थ्याने एकदा तरी संपूर्ण पार पाडावा.

शेवटच्या टप्प्यात एक पूर्ण घटक, म्हणजे तीन ते पाच तासिका, त्यांवरचा स्वाध्याय आणि मूल्यमापन, विद्यार्थ्याच्या हाती सोपवावा. संपूर्ण विषय सोपवण्याची गरज नाही आणि बहुधा तो सोपवूही नये. भारतातील २०२२ च्या विनियमांनी शिकवणी वर्ग, प्रयोगशाळा आणि मूल्यमापन यांसाठी आठवड्याला ४ ते ६ तासांचे साहाय्य संशोधक विद्यार्थ्याकडे देता येईल असे म्हटले आहे. कोणत्याही देशात ही मर्यादा वाजवी वाटते. त्यापलीकडे गेले की प्रशिक्षण संपते आणि कमी पैशांत भागवलेले मनुष्यबळ सुरू होते.

चौथी पायरी : लेखन, परीक्षण आणि श्रेय

शोधनिबंध लिहिणे बहुतेक मार्गदर्शक शिकवतातच, त्यामुळे त्यावर इथे विस्तार करत नाही. जे शिकवले जात नाही ते म्हणजे नकार पचवणे आणि दुसऱ्याच्या निबंधाचे परीक्षण करणे.

पहिल्यासाठी मार्गदर्शकाने स्वतःच्या एका निबंधाची संपूर्ण फाइल उघडून दाखवावी : पहिला मसुदा, नकाराचे पत्र, दुसऱ्या नियतकालिकाकडून आलेले परीक्षकांचे अभिप्राय, त्यांना मुद्देनिहाय दिलेले उत्तर आणि छापून आलेले रूप. विद्यार्थी आयुष्यभर छापील निबंधच वाचत आलेला असतो, त्यामुळे इतरांचे लेखन असेच जन्माला येते अशी त्याची समजूत असते. परीक्षकाच्या चुकीच्या आक्षेपाला सभ्य आणि ठाम उत्तर कसे द्यावे, हे अशा एका पत्रातून जितके कळते तितके कोणत्याही कार्यशाळेत कळत नाही.

परीक्षणाच्या बाबतीत मार्गदर्शकाकडे आलेले हस्तलिखित विद्यार्थ्याबरोबर वाचणे ही उत्तम शिकवणी आहे, पण त्यासाठी आधी संपादकाची परवानगी घेतली पाहिजे. हस्तलिखित गोपनीय असते, आणि प्रकाशन-नीतिमत्तेसाठी १९९७ साली स्थापन झालेल्या ‘कोप’ या समितीची मार्गदर्शक तत्त्वेही परस्पर दुसऱ्याला सामील करून घेऊ नये असेच सांगतात. दोघांनी स्वतंत्र टिपणे काढावीत, मग ती जुळवावीत, आणि पाठवायच्या अभिप्रायासोबत विद्यार्थ्याचे नाव संपादकाला कळवावे. विद्यार्थ्याकडून परीक्षण लिहून घेऊन ते स्वतःच्या नावावर पाठवण्याची जी चाल आहे, तिला सोय म्हणत असतील. ती लबाडी आहे.

लेखकांच्या नावांचा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वीच काढावा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष, म्हणजे कामात भरीव वाटा, मसुद्याचे लेखन किंवा चिकित्सक संस्करण, अंतिम मजकुराला संमती आणि कामाची जबाबदारी, इतर विषयांतही चर्चेला आधार म्हणून चालतात. संशोधनात कोणी कोणता वाटा उचलला हे नोंदवण्यासाठीच्या ‘क्रेडिट’ या वर्गीकरणातील १४ भूमिकांचा तक्ता समोर ठेवून कोण काय करणार हे लिहून घेतले, आणि काम बदलले की तो तक्ताही बदलला, तर पुढची बरीच कटुता टळते.

पाचवी पायरी : पैसा

संशोधनाला पैसा लागतो आणि तो मागावा लागतो, ही गोष्ट विद्यार्थ्यापासून जणू संस्कार म्हणून लपवली जाते. मार्गदर्शकाच्या अनुदानावर चार वर्षे काम केलेल्या विद्यार्थ्याने त्या अनुदानाचा मूळ प्रस्ताव कधी वाचलेला नसतो. म्हणून पहिले काम तेच : मंजूर झालेला एक आणि फेटाळलेला एक, असे दोन प्रस्ताव परीक्षकांच्या अभिप्रायांसह वाचायला द्यावेत.

दुसरे काम एका पानाचे आहे. विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रबंधानंतरच्या कामाचा प्रस्ताव एका पानात लिहावा : प्रश्न कोणता, तो आत्ताच का, तो कसा सोडवणार, उत्तर मिळाले तर कोणाला काय उपयोग, आणि पहिला प्रयत्न फसला तर काय करणार. पहिल्या मसुद्यात हमखास येणारे वाक्य म्हणजे ‘या विषयाचा सखोल अभ्यास करणे’. ते खोडून पुन्हा लिहायला सांगावे. भूजलाच्या गुणवत्तेवर काम करणारा विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या मसुद्यात ‘पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर त्याच विहिरींचे नमुने घेऊन नायट्रेटच्या प्रमाणातील फरक खतवापराच्या नोंदींशी ताडून पाहणे’ इथवर येतो. या वाक्यावर परीक्षक प्रश्न विचारू शकतो, खर्च काढू शकतो आणि काम झाले की नाही ते तपासू शकतो. ते पान दुसऱ्या विषयाच्या अध्यापकाला वाचायला द्यावे, कारण अनुदान समित्यांतील बहुतेक सदस्य आपल्या उपविषयाचे नसतात.

तिसरे काम अंदाजपत्रकाचे. इथे विद्यार्थी उपकरणाची किंमत लिहितो आणि त्याची देखभाल विसरतो, प्रवास लिहितो आणि दुसरी फेरी विसरतो. मुलाखतींवर आधारलेल्या कामात एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचे शब्दांकन हाताने करायला चार ते सहा तास सहज लागतात. चाळीस मुलाखती ठरवणाऱ्याने हा हिशेब केलेला नसेल तर त्याचा महिना-दीड महिना कागदावर दिसतच नाही. खर्चाच्या प्रत्येक ओळीसमोर ‘हे कोणत्या उद्दिष्टासाठी’ असा रकाना ठेवला की फुगवटाही निघतो आणि उणीवही दिसते. अनुदान मिळाल्यानंतरचे काम, म्हणजे खरेदीचे नियम, निधी ठरल्या कामी वापरल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, मुदतीत खर्च न होणारा निधी, विभागाच्या लेखापालाबरोबर तासभर बसवून शिकवावे. तो तास अनेक प्राध्यापकांनाही उपयोगी पडेल.

सहावी पायरी : संस्थेचे काम

याला फार वेळ लागत नाही. विद्यार्थ्याला एखाद्या समितीवर वर्षभर घ्यावे आणि तिथे खरे काम द्यावे, केवळ प्रतिनिधी म्हणून खुर्चीत बसवू नये. दोन बैठकांचे इतिवृत्त त्याने लिहावे. इतिवृत्त लिहिताना निर्णय कोणता झाला, कोणी काय करायचे आणि कधीपर्यंत, हे वेगळे काढावे लागते, आणि पुष्कळदा निर्णय झालाच नव्हता हेही तेव्हाच उमगते. अभ्यासक्रम बदलाची एखादी चर्चा सुरुवातीपासून मंजुरीपर्यंत पाहिली तर संस्था कशी हलते याचा पुरेसा अंदाज येतो. ‘नाही’ म्हणण्याचा सरावही इथेच द्यावा, कारण नव्या आणि होतकरू माणसाच्या गळ्यात सगळी कामे पडतात, त्यातही स्त्रिया आणि अल्पसंख्य गटांतील अध्यापकांच्या अधिक. कोणत्या कामाला हो म्हणायचे हे ठरवण्यापूर्वी एक दिवस मागून घेण्याची सवय पुरेशी आहे.

सातवी पायरी : दुसऱ्याला मार्गदर्शन करणे

आज ज्याला मार्गदर्शन मिळते आहे त्याला तीन-चार वर्षांत ते करायचे असते. तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याचा छोटा प्रकल्प सोपवावा आणि पंधरवड्याला एकदा मार्गदर्शकाने त्याच्याशी त्या प्रकल्पाच्या विज्ञानाबद्दल न बोलता मार्गदर्शनाबद्दल बोलावे. काम वेळेवर न देणाऱ्याला काय म्हणालास? त्याचे चुकलेले विश्लेषण तू स्वतःच दुरुस्त करून टाकलेस की त्याला शोधू दिलेस? नवखे मार्गदर्शक बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्त करतात, कारण ते लवकर होते.

या टप्प्यावर कठीण संभाषणांची तयारीही हवी. समोरचा विद्यार्थी मानसिक ताणाबद्दल, घरच्या अडचणीबद्दल किंवा छळाबद्दल सांगू लागला तर ऐकून घेणे, गुप्ततेचे खोटे आश्वासन न देणे आणि संस्थेतील समुपदेशक किंवा तक्रार समितीपर्यंत त्याला पोहोचवणे, एवढे तरी प्रत्येकाला यायला हवे. त्या व्यक्ती कोण आहेत हे आधीच माहीत करून द्यावे. अडचण आल्यावर शोधाशोध करण्यात दिवस जातात.

आठवी पायरी : इतर संस्था, इतर वाटा, आणि अर्ज

डॉक्टरेट देणाऱ्या विद्यापीठात शिकलेला माणूस त्याच प्रकारच्या संस्थेची कल्पना करत राहतो, पण नोकऱ्या बहुसंख्येने इतरत्र असतात. वेगळ्या प्रकारच्या संस्थेत दोन दिवस एखाद्या अध्यापकाच्या मागे फिरणे, तिथे एक तास घेणे आणि तिथल्या एका व्यक्तीला दुसरा मार्गदर्शक म्हणून ठेवणे ही १९९३ च्या त्या कार्यक्रमातील कल्पना मला त्यातली सर्वांत उचलण्याजोगी वाटते. त्याच भेटीत काही विद्यार्थी ठरवतात की हे काम आपल्यासाठी नाही. तो भेटीचा अपव्यय समजू नये. प्राध्यापकपदे पदवीधरांच्या मानाने थोडी आहेत, हे पहिल्याच वर्षी स्वच्छ शब्दांत सांगावे, आणि उद्योग, शासन, प्रकाशन किंवा स्वयंसेवी क्षेत्रात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना यशस्वी वक्ते म्हणूनच बोलवावे, ‘पर्याय’ म्हणून नव्हे.

अर्जाची तयारी शेवटच्या वर्षाच्या आरंभी सुरू करावी. तोवरच्या पायऱ्यांत साठलेले साहित्य, म्हणजे पाठाची टाचणे, निरीक्षणाची टिपणे, निकषांचे तक्ते आणि एका पानाचा प्रस्ताव, एका फाइलमध्ये असेल तर अध्यापनाविषयीचे निवेदन आयत्या वेळी पोकळ वाक्यांनी भरावे लागत नाही. मुलाखतीची रंगीत तालीम दोनदा घ्यावी, आणि मंडळात विषयाबाहेरची किमान एक व्यक्ती बसवावी. विषयाबाहेरच्या माणसाला सांगण्याच्या सरावासाठी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात २००८ मध्ये सुरू झालेली तीन मिनिटांत प्रबंध मांडण्याची स्पर्धा चांगली आहे. एकच स्लाइड आणि तीन मिनिटे यांत काय टिकते ते लगेच कळते.

नववी पायरी : वर्षांची वाटणी

एवढे सगळे वाचून कोणताही मार्गदर्शक म्हणेल की प्रबंध कधी होणार. आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर वाटणीतूनच द्यावे लागते. पहिल्या वर्षी मुख्यतः पाहणे ठेवावे : तीन अध्यापकांचे आठवडे मांडणारी बैठक, दोन प्रस्तावांचे वाचन, सूक्ष्म अध्यापन. दुसऱ्या वर्षी सोबतीने परीक्षण, निरीक्षण केलेला तास आणि उत्तरपत्रिकांचा स्वाध्याय. तिसऱ्या वर्षी एक घटक, एक छोटा प्रकल्प, एक समिती आणि एका पानाचा प्रस्ताव. हे सर्वांत भरलेले वर्ष असते. प्रबंधलेखनाच्या शेवटच्या सहा-आठ महिन्यांत मुलाखतीची तालीम सोडून काहीही नवे देऊ नये. क्षेत्रकामासाठी किंवा दीर्घ प्रयोगासाठी ही वर्षे पुढे-मागे करावी लागतील, तशी ती करावीत.

आठवड्याचा हिशेब काढला तर सरासरी तीन-चार तासांवर हे जात नाही. तेवढा वेळ निघत नसेल तर विद्यार्थी आणखी काय काय करतो आहे ते तपासावे. मार्गदर्शकाच्या परिषदेची निमंत्रणपत्रे, दुसऱ्याच्या प्रकल्पाची आकडेमोड आणि पाहुण्यांची ने-आण यांत त्याहून अधिक तास सापडतात.

दहावी पायरी : गेलेल्यांना विचारणे

नोकरीत एक वर्ष आणि तीन वर्षे झालेल्या माजी विद्यार्थ्यांना दरवर्षी चार प्रश्न पाठवावेत : कोणत्या कामाची तयारी झालेली होती, कोणते काम अजिबात माहीत नसताना अंगावर आले, इथे शिकवलेल्यापैकी काय कधीच वापरले नाही, आणि पहिल्या सत्रात सर्वांत जास्त वेळ कशाने खाल्ला. उत्तरे विभागाच्या बैठकीत नावे वगळून वाचावीत. एकाच कामाचा उल्लेख दोन-तीन उत्तरांत आला तर पुढच्या सत्राच्या आराखड्यात त्यासाठी जागा करावी, आणि कधीच न वापरलेल्या गोष्टींपैकी एक तरी त्याच बैठकीत काढून टाकावी, नाहीतर यादी दरवर्षी वाढत जाते आणि तासांची बेरीज पुन्हा प्रबंधावर येते.